‘आयर्विन किती?’ हा प्रश्न बरोबर, पण अपुरा

पावसाळा तोंडावर आला आहे. जुलै उजाडला की अथणी, रायबाग आणि चिकोडी तालुक्यांतल्या कृष्णाकाठच्या गावांत एकच प्रश्न फिरू लागतो, “आयर्विन किती?” उत्तर फुटात येतं. कुणी म्हणतं ३२, कुणी म्हणतं ३५, दोन वाढलं. त्या आकड्यावर जनावरं वर न्यायची की थांबायचं, मोटर काढायची की राहू द्यायची, हे ठरतं. व्हॉट्सॲपच्या गटांवर रात्री दोन वाजताही हा आकडा टाकणारे लोक आहेत आणि तो वाचायला जागे असणारेही आहेत.

गंमत अशी, की हा पूल ना आपल्या तालुक्यात, ना आपल्या राज्यात. तो सांगली शहरात आहे. कर्नाटक सरकारच्या कुठल्याही कागदावर आपल्या गावाचा पूर ‘आयर्विन’च्या फुटात मोजलेला सापडायचा नाही. तरी लोकांचा भरवसा त्याच आकड्यावर आहे. हा भरवसा का बसला, तो कुठपर्यंत बरोबर आहे आणि कुठे आपल्याला फसवू शकतो, हे नदी पात्रात असतानाच समजून घेतलेलं बरं.

पूल कुणाचा, पट्टी कुणाची

आयर्विन पूल १९२९ मधला. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या काळात तो उभा राहिला आणि त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झाला. नाव तिथून पडलं ते आजतागायत टिकून आहे. लालसर दगडाच्या कमानींचा हा पूल सांगली शहराला सांगलीवाडीशी आणि पुढे इस्लामपूर, पेठ नाक्याकडच्या रस्त्याशी जोडतो. पुणे–बेंगळुरू महामार्गाकडे जाणारा सांगलीचा तो जुना दरवाजाच म्हणायचा.

पण आपल्या दृष्टीनं पुलाचं महत्त्व वाहतुकीत नाही. पुलापाशी पाण्याची उंची मोजण्याची पट्टी आहे. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर, म्हणजे धोका पातळीच्याही बारा फूट वर. २०२१ च्या जुलैअखेर पुन्हा ५५ फुटांच्या आसपास. हे तीन आकडे आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत.

भरवसा बसायचं खरं कारण या तीन आकड्यांतच आहे. जागा तीच, पट्टी तीच, म्हणून २००५ ची तुलना २०१९ शी करता येते. आम्ही कॉमर्सवाले ज्याला सलग खातं म्हणतो, तसं हे नदीचं खातं आहे. मधेच वही बदलली, शिल्लक पुढे ओढली नाही, तर मागचे आकडे निरुपयोगी होतात. आयर्विनवर तसं झालेलं नाही. म्हणून “२०१९ ला आयर्विन ५७ असताना आमच्या गोठ्यात छातीइतकं पाणी होतं” असं माणूस ठामपणे सांगू शकतो आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधू शकतो.

सांगलीकरांनी तर हे खातं गल्लीपर्यंत नेलं आहे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या भागांत कितव्या फुटाला पाणी शिरतं, हे तिथल्या माणसाला विचारावं लागत नाही. आकडा ऐकला की तो सामान बांधायला घेतो.

फूट म्हणजे पाणी नव्हे

आता अडचणीचा भाग. आयर्विनचा फूट ही पाण्याची उंची आहे. किती पाणी वाहतंय, हे ती सांगत नाही. दोन्हींत फरक आहे आणि तो पुराच्या वेळी महागात पडतो.

नदी पात्रात आहे तोवर पाणी भराभर चढतं, कारण जागा अरुंद. २० वरून ३० फूट व्हायला एखादी रात्र पुरते. नदी काठ सोडून मळीत शिरली की चढण्याचा वेग मंदावतो. माणसाला वाटतं, पूर थांबत आला. प्रत्यक्षात तेव्हाच सगळ्यात जास्त पाणी येत असतं, फक्त ते वर चढण्याऐवजी आडवं पसरत असतं. ४५ च्या पुढचा एक फूट आणि २५ च्या पुढचा एक फूट हे कागदावर सारखे दिसतात. रानात सारखे नसतात. वरच्या एका फुटात कितीतरी जास्त एकर बुडतात.

त्यात हा पूल कमानींचा आहे. कमानीचं तोंड खाली रुंद आणि वर निमुळतं. पाणी जसं कमानीच्या वाकणाला भिडतं, तशी पुढे जायची वाट कमी होत जाते आणि पुलाच्या वरच्या अंगाला थोडी तुंब तयार होते. जगातल्या सगळ्या कमानींच्या पुलांना हे लागू आहे. त्यामुळे मोठ्या पुरात पुलाच्या वरचा फूट आणि खालचा फूट एकच धरून चालत नाही.

वाहतं पाणी मोजायचं तर क्युसेकमध्ये. हा शब्द रोज बातमीत येतो, पण त्याचं वजन डोळ्यापुढे येत नाही. सोपा हिशेब असा: एक लाख क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की ८.६४ टीएमसी होतं. २०१९ च्या पुरात अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या वर विसर्ग सुरू होता. म्हणजे दिवसाला ४३ टीएमसी. कोयनेची पूर्ण साठवण १०५.२५ टीएमसी. ती काठोकाठ भरलेली कोयना या वेगानं अडीच दिवसांत रिकामी होईल. हा हिशेब ध्यानात ठेवला तर “धरणात थांबवून ठेवायला काय झालं होतं?” या दरवर्षीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. धरण पूर लांबवू शकतं, थोडा कापू शकतं. भरलेलं धरण मात्र फार काही करू शकत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये धरणात किती जागा मोकळी ठेवली, हा प्रश्न विसर्गाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा.

आयर्विनला न दिसणारं पाणी

आपल्यासाठी सगळ्यात कळीचा मुद्दा हा आहे. आयर्विन पूल कृष्णेवर आहे, आणि आपल्याला येणारं सगळं पाणी त्या पुलाखालून येत नाही.

सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणा धरण ३४.४ टीएमसीचं. तिला मोठा पूर असला की संगमाजवळ कृष्णेचं पाणी अडतं, त्याचा थोडा परिणाम आयर्विनवरही दिसतो, पण वारणेचं पाणी आयर्विनखालून जात नाही. त्याच्याही खाली नृसिंहवाडीला पंचगंगा येते. अख्ख्या कोल्हापूरचा पाऊस, राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाज्यांचं पाणी, सगळं तिच्यातून. हे पाणीही आयर्विनला दिसत नाही. त्यानंतर महाराष्ट्राची हद्द ओलांडताना यडूर–कल्लोळ परिसरात दूधगंगा कृष्णेत येते, तिच्यासोबत वेदगंगा. काळम्मावाडीचं २५ टीएमसीचं धरण तिच्यावर.

म्हणजे अथणीच्या शेतकऱ्याच्या बांधावर येणारं पाणी चार हिश्शांचं: कृष्णा–कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा–वेदगंगा. आयर्विनचा आकडा यांतला एकच हिस्सा नीट दाखवतो. मोठा हिस्सा आहे, पण एकच.

निपाणी भागात तर हा गोंधळ दरवर्षी होतो. जत्राट–भिवशी, अकोळ–सिदनाळ, भोजवाडी–कुन्नूर, कारदगा–भोज, मलिकवाड–दत्तवाड हे बुटके पूल पाण्याखाली जातात ते वेदगंगा आणि दूधगंगेच्या पाण्यानं. त्यांचा आयर्विनशी संबंध नाही. सांगलीत नदी २५ फुटांवर शांत असताना इथले पूल बंद झालेले असतात. तरीही लोक आयर्विन विचारतात, कारण तोच आकडा पटकन मिळतो. उलट कल्लोळ–यडूर किंवा कुडची–उगार या कृष्णेवरच्या पुलांसाठी आयर्विन उपयोगी आहे, पण पंचगंगेचा आकडा सोबत ठेवला तरच.

तो आकडा कुठला? कोल्हापूरचा राजाराम बंधारा. तिथे इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आणि तिसरा आकडा शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्याचा. हा कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा बंधारा. तिथे कृष्णा, वारणा, पंचगंगा एकत्र झालेल्या असतात आणि तिथला आकडा क्युसेकमध्ये येतो. खरं म्हणजे चिकोडी, रायबाग, अथणीसाठी राजापूरचा क्युसेक हाच सगळ्यात कामाचा. त्यात दूधगंगेचा विसर्ग मिळवला की आपल्या हद्दीत किती पाणी शिरतंय ते कळतं. हा आकडा बातमीच्या शेवटच्या ओळीत येतो आणि आयर्विनचा फूट मथळ्यात. आम्ही बातमीदारही याला अपवाद नाही. फूट वाचकाला पटकन कळतो, क्युसेक कळत नाही, म्हणून मथळ्यात फूट जातो.

नृसिंहवाडीला जाणाऱ्या भाविकाला एक गोष्ट नक्की माहीत असते. दक्षिणद्वार सोहळा चढत्या पाण्यातही होतो आणि उतरत्या पाण्यातही. पाण्याची उंची दोन्ही वेळा तीच, पण पुढच्या दोन दिवसांचा अर्थ अगदी उलटा. आयर्विनचंही तसंच आहे. ४२ फूट म्हणताना ४२ चढता की ४२ उतरता, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला किंमत नाही. आणि उतरता असला तरी आपल्याकडे निर्धास्त होऊ नये. सांगलीत पाणी उतरायला लागलं म्हणजे ते गेलं कुठे? आपल्याकडेच आलं.

फुगवटा आधी कुणाच्या दारात?

आता अलमट्टीचा वाद. तो टाळून पुराबद्दल बोलताच येत नाही.

अलमट्टीची सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६ मीटर. न्या. ब्रिजेश कुमार यांच्या लवादानं डिसेंबर २०१० च्या निवाड्यात ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा दिली. २०१३ मध्ये पुढचा अहवाल आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यानं निवाडा राजपत्रात प्रसिद्ध व्हायचा राहिला. फरक साडेचार मीटरच्या थोडा वर, म्हणजे जवळपास पंधरा फूट. कर्नाटकनं तयारी थांबवलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं बुडीत क्षेत्रातल्या बागायत जमिनीला एकरी ४० लाख आणि कोरडवाहूला ३० लाख असा दर ठरवला. त्याआधी मे महिन्यात सांगली–कोल्हापूरच्या लोकांनी अंकलीजवळ चक्काजाम केला होता. महाराष्ट्र सरकारनंही उंचीला विरोध कळवला आहे.

सांगलीचं म्हणणं असं, की अलमट्टी आणि मधल्या हिप्परगी बंधाऱ्याच्या फुगवट्यामुळे पाणी पुढे सरकत नाही आणि शहर बुडतं. दुसऱ्या बाजूला, २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्रानंच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं २०२० मधल्या अहवालात पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. अतिवृष्टी आणि नदीकाठची अतिक्रमणं यांकडे बोट दाखवलं. सांगलीतल्या अनेक कार्यकर्त्यांनी तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद तिथेच थांबला आहे.

२०२१ चा पूर या वादात दोन्हीकडून विसरला जातो. त्या वर्षी जूनमध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले होते. विसर्गाचा ताळमेळ ठेवायचं ठरलं. महिन्याभरात महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस कोसळला आणि आयर्विन पुन्हा ५५ च्या घरात. म्हणजे ताळमेळ निरुपयोगी, असं म्हणायचं नाही. ताळमेळ नसता तर किती गेलं असतं, हे मोजायला पट्टी नाही. पण ताळमेळ हाच पुरावरचा एकमेव उपाय, असंही म्हणता येत नाही.

आपला मुद्दा मात्र दोन्ही राज्यांच्या भांडणात कुणी मांडत नाही. फुगवटा खालून वर येतो. अलमट्टीकडून सांगलीकडे जाताना आधी जमखंडी लागते, मग अथणी, रायबाग, चिकोडी. फुगवटा खरोखर सांगलीच्या घाटापर्यंत पोचत असेल, तर तो आधी आपल्या दारातून पुढे गेलेला असतो. फुगवटा नाहीच असं धरलं, तरी वरून येणारं सगळं पाणी आपल्याच रानातून जाणार. दोन्ही बाजूंनी पहिला किंवा शेवटचा तडाखा या पट्ट्याला आहे. पण बेंगळुरूत उंचीच्या बाजूनं बोलताना या पट्ट्याचा पूर दिसत नाही, कारण सगळं लक्ष सिंचनाकडे. आणि मुंबईत विरोध करताना नावं घेतली जातात ती सांगली–कोल्हापूरची, कारण आपण त्यांचे मतदार नाही.

उन्हाळ्यात चित्र उलटं होतं. मार्च-एप्रिलमध्ये कृष्णेचं पात्र उघडं पडतं आणि कर्नाटक महाराष्ट्राकडे कोयनेतून दोन-चार टीएमसी मागतं. बदल्यात जत तालुक्याला पाणी द्यायची चर्चा निघते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लांबते. एकाच नदीसाठी आठ महिने ‘द्या’ आणि चार महिने ‘सोडू नका’, असा हा व्यवहार. तो लेखी, कायमचा आणि दोन्ही ऋतूंचा एकत्र व्हायला हवा, हे कुठल्याही हिशेबनिसाला कळेल. पावसाळ्याचं खातं वेगळं आणि उन्हाळ्याचं वेगळं ठेवलं, की दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीची वही उघडता येते.

वय पुलाला मारत नाही

पुन्हा पुलाकडे येऊ. आयर्विन शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. शेजारी नवा समांतर पूल आला, अवजड वाहनांना बायपासचा रस्ता आहे. साहजिकच पुढचा प्रश्न येईल, की जुन्याचं करायचं काय?

जुना म्हणजे धोकादायक, हे समीकरण सरळ नाही. कमानीत वरचा भार दोन्ही बाजूंच्या खांबांकडे ढकलला जातो. दगड एकमेकांवर दाबले जातात. दाब सोसणं हे दगडाचं बळ आहे आणि काँक्रीटचंही. ओढ मात्र दोघांनाही फारशी सोसत नाही. म्हणून सरळ तुळईच्या पुलात पोलाद घालावं लागतं आणि त्या पोलादाला पाणी लागू न देणं हे कायमचं काम होऊन बसतं. आपल्या जवळच्या कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये मध्यरात्री कोसळला, तो १९८३ चा. वडोदरा–आणंद दरम्यानचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ ला पडला, तोही चाळिशीतला. दोन्ही आयर्विनच्या निम्म्याहून कमी वयाचे.

पण दगडी कमानही अमर नाही. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल १९२८ चा, म्हणजे आयर्विनचा जवळपास समवयस्क आणि कमानींचाच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात वाहून गेला, दोन एसटी बस घेऊन. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. गेलेली माणसं परत आली नाहीत. अशा पुलाचं दुखणं बहुतेक वेळा पायाखाली असतं. पुराच्या पाण्यातले भोवरे खांबाच्या पायाजवळचा गाळ-वाळू उकरतात. वरून रस्ता गुळगुळीत दिसतो, कठडे रंगवलेले असतात, आणि खाली पोकळी. म्हणून कमानीच्या पुलाची तपासणी पाणी उतरल्यावर, पायाशी जाऊन करावी लागते. २०१९ आणि २०२१ असे दोन मोठे पूर अंगावर घेतलेल्या पुलाच्या बाबतीत तर ती दर पावसाळ्यानंतर व्हायला हवी आणि तिचा अहवाल लोकांना बघायला मिळायला हवा.

घसाऱ्याच्या हिशेबात शंभर वर्षांच्या मालमत्तेची किंमत शून्य लिहिली जाते. आयर्विनच्या बाबतीत हा हिशेब चुकतो, कारण त्याच्या अंगावर असलेली मोजपट्टी ही वेगळी मालमत्ता आहे आणि ती दर वर्षी वाढते आहे. वाहतूक नव्या पुलावर जाऊ दे. जुना फिरायला, सायकलला राहू दे. पण त्या पट्टीचा शून्य हलता कामा नये आणि नव्या पुलावर नवी पट्टी लावायचीच झाली, तर दोन्हींचे आकडे काही वर्षं जोडीनं नोंदवले पाहिजेत. हे सांगलीच्या लोकांनी मागितलं तर ते हौसेचं वाटेल. आपण मागितलं तर ती गरज आहे. आपल्या गावाच्या पुराच्या आठवणी त्याच पट्टीवर टांगलेल्या आहेत.

यंदा काय करता येईल

मोठी कामं दोन सरकारांची आणि न्यायालयाची. काही कामं मात्र गावात होण्यासारखी आहेत, आणि पाणी यायच्या आधीच.

पहिलं, गावाची स्वतःची पट्टी. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा देवळाच्या भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा अजून म्हाताऱ्या माणसांना दाखवता येतात. त्या रंगवून ठेवा आणि शेजारी त्या दिवशीचे आयर्विन, राजाराम आणि राजापूरचे आकडे लिहा. तीन पुरांच्या तीन ओळी झाल्या की गावाला स्वतःचं कोष्टक मिळतं. “आयर्विन ५०, राजाराम ५०, दोन्ही चढते” म्हणजे आपल्या भिंतीवर कुठे, हे मग कुणाला फोन करून विचारावं लागत नाही. सांगलीच्या गल्ल्यांना हे शहाणपण तोंडपाठ आहे. आपल्याकडेही ते आहे, पण माणसांच्या तोंडी; माणूस गेला की ते जातं.

दुसरं, पुराच्या दिवसांत एक आकडा विचारणं बंद करून चार विचारायचे: आयर्विन, राजाराम, राजापूरचा विसर्ग आणि दूधगंगेचा विसर्ग. प्रत्येकापुढे वेळ आणि ‘चढता’ की ‘उतरता’. अथणीकडच्या गावांनी हिप्परगी आणि अलमट्टीची आवक-जावकही धरावी. आवक जास्त आणि जावक कमी असेल, तर पाणी कुठे साठतंय ते वेगळं सांगायला नको. गटावर आकडा टाकणाऱ्यानं वेळ लिहिली नसेल तर तो पुढे पाठवू नये. काल रात्रीचा आकडा आज सकाळी फिरतो आणि लोक अर्धवट भरलेला ट्रॅक्टर उतरवून ठेवतात, असे प्रकार कमी नाहीत.

तिसरं, प्रशासनाकडची मागणी. दोन्ही राज्यांची धरणं आणि बंधारे यांचे आकडे एकाच तक्त्यात, एकाच वेळचे, दर काही तासांनी प्रसिद्ध व्हावेत. आज ते वेगवेगळ्या कार्यालयांतून, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मापात येतात. कुठे फूट, कुठे मीटर, कुठे क्युसेक, कुठे टक्के. सामान्य माणसानं कशाची बेरीज करायची? आणि आपल्या भागात हा तक्ता कन्नडसोबत मराठीतही हवा. मराठीतून सरकारी कागद मिळावेत ही सीमाभागातली जुनी मागणी आहे आणि तिला राजकारणाचा वास येतो म्हणून ती बाजूला सारली जाते. पुराच्या सूचनेला तरी तो वास लावू नये. जी सूचना वाचता येत नाही, ती दिली काय आणि न दिली काय, सारखंच.

चौथं, पूर ओसरल्यावरचं. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत चिखल वाळलेला असतो आणि पाणी कुठवर होतं यावर वाद होतो. भिंतीवरची खूण, तारीख घातलेला फोटो आणि त्या दिवशीचे चार आकडे, एवढं हातात असलं तर पीडीओ आणि तहसीलदारांसमोर बोलायला आधार मिळतो. गंजी केंद्रात गेलेल्या कुटुंबानं घर बुडाल्याचा पुरावा आणायचा कुठून, हा प्रश्न २०१९ नंतर गावोगाव विचारला गेला. त्याचं उत्तर पाणी असतानाच तयार करावं लागतं.

आयर्विनचा आकडा यापुढेही विचारला जाईल आणि विचारावाच. तो सांगलीच्या पुराचा आहे, एवढं ध्यानात ठेवून. आपल्या पुराचा आकडा आपल्याच भिंतीवर लिहायला जूनचे दोन-चार कोरडे दिवस पुरतील. रंगाचा एक डबा आणि गावातली दोन वयस्कर माणसं एवढंच भांडवल लागेल.